जितीचा टाक

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावस्या. सकाळी पितरांचा स्वयंपाक उरकला, कावळ्याला घास ठेवला आणि दुपारी देव घासायला बसले. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि दात घासायचा जुना ब्रश घेतला. आमच्या देव्हाऱ्यात मूर्ती कमी आणि टाक जास्त. टाक म्हणजे चांदीचे छोटे पत्रे, त्यावर देवाचा नाहीतर घरातल्या मेलेल्या माणसाचा ठसा उठवलेला असतो. त्यातला एक कडीचा आहे. तो मुळात देव्हाऱ्यात ठेवायचा नव्हता, गळ्यात घालायचा होता.

पहिली बायको मेली आणि पुरुषाने दुसरी केली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायची रीत आहे. त्या टाकालाच सवत म्हणतात. मेलेलीने जितीला धरू नये म्हणून तो घालायचा. कुंकू आधी टाकाला लावायचं, मग स्वतःला. माझ्या आजेसासूने, म्हणजे सासूच्या सासूने, ही सवत जन्मभर गळ्यात वागवली. ती गेल्यावर टाक देव्हाऱ्यात आला.

"ते कडीचं नीट घास," बाजेवरून सासू म्हणाली. "उद्या लागंल."

"कोणाला?"

"कोणाला म्हंजे? तुज्या सुनंला. गळ्यात बांधू अन् धाडून देऊ. जाऊ द्या दोघी संगंच."

माझी सून समोर भिंतीला टेकून बसली होती. तिचं बाळ मांडीवर होतं. बाळ झाल्यापासून ती हळूहळू बोलायची थांबली. दूध उतू गेलं तरी बघत बसे. मुलगा रडला तर दुसऱ्याचं पोर रडतंय तशी ऐकत राही. छातीशी लावून दिला तर पाजायची, काढून घेतला तर हात तसेच राहायचे. सासूने निदान करून टाकलं होतं की तिला पहिली लागली. पहिली म्हणजे त्या टाकावरची. माझ्या मुलाचं निदान वेगळं होतं. "तिच्या बापानं फसवून येडी गळ्यात मारली," असं तो गिरणीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

दोघांचा इलाज मात्र एकच होता. घट बसायच्या आत जीप करून तिला माजलगावच्या पुढे माहेरी नेऊन टाकायचं. बाळ इथेच ठेवायचं, कारण मुलगा आहे. दिवाळीनंतर बघू, असं मुलगा म्हणत होता. बघू म्हणजे काय ते मला कळत होतं. त्याचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं. "असून नसल्यासारखीच हाय ती," असं तो कोणाला तरी सांगत होता. मालक गेल्यापासून घर आणि पिठाची गिरणी माझ्या नावावर आहे. माझ्या शब्दाशिवाय जीप हलणार नव्हती. मी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण रोज ज्या बाईच्या नावाने खापर फुटत होतं ती होती तरी कोण, हे मला कळायला हवं होतं. म्हणून पितृपक्ष लागल्यापासून मी विचारायला सुरुवात केली. भावकीतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, पहिलीचं पोर तिच्याच कुशीखाली चेंगरलं आणि तिने विहिरीत उडी टाकली. त्याच्या बायकोने त्याच्या तोंडावरच सांगितलं की विहीर नव्हे, पटकीने गेली. पलीकडच्या वाड्यात साप चावल्याचं निघालं. एक बाई तीनदा मरत नाही. शिवाय तिला जाळली कुठे, हे कोणालाच सांगता येईना. आमच्या रानात मेलेल्या बैलाचासुद्धा दगड आहे. तिचा नव्हता.

मग तिच्या माहेरचं गाव काढलं. धारूर. माजलगावला गाडी बदलून गेले. किल्ल्याच्या खालच्या अंगाला घर सापडलं. तिच्या भावाचा मुलगा, आता म्हातारा, ओट्यावर सुतळी वळत बसला होता. मी गाव आणि आडनाव सांगितलं.

"आता काय न्यायाला आलाव?" तो म्हणाला. "खापर बी शिल्लक न्हाई तिचं."

"कशाने गेल्या ते विचारायला आले."

"कुठली? तुमच्याकडची का आमच्याकडची?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडं आत्या आदी मेली. आमच्याकडं लई वर्सांनी."

मी तिथेच ओट्यावर बसले. त्याने सुतळी वळता वळताच सगळं सांगितलं. मूल गेल्यावर बाई मुकी झाली होती. नवऱ्याने बैलगाडीत घालून आणली, सोडली आणि पाणीही न पिता परत गेला. पुढे त्याला दुसरी करायची होती. दुसऱ्या मुलीचा बाप म्हणाला, जित्या सवतीवर पोरगी देणार नाही. म्हणून आमच्या घरच्यांनी पहिली मेल्याचं सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून सोनाराकडून टाक करून आणला.

"सोनार काय मेल्याचा दाखला मागतो का?" म्हातारा म्हणाला.

"आणि तुमचे आजोबा? त्यांनी कसं चालवून घेतलं?"

"त्यांच्या अजून पोरी उजवायच्या व्हत्या. येडी बहीण आडवी येती, मेलेली येत न्हाई. लोकांला खरं वाटावं म्हून दाव्वं-तेरावं बी केलं इथं."

"आणि त्या कुठे होत्या?"

"बैलाच्या गोठ्यात. तेराव्याचं गोड तिलाबी वाढलं. लई आवडीनं खाल्लं म्हंतेत. पुन्यांदा मागितलं."

तो हसला. मी हसले नाही, पण त्याला थांबवलंही नाही. तो लहान असताना ती गोठ्यातच होती. पोरं तिला खडे मारायची. तोही मारायचा.

"रडायची का?"

"न्हाई बा. खडे गोळा करून परत द्यायची आमाला. म्हून तर मजा यायची."

शेवटचं त्याने थोडक्यात आटोपलं. एकदा ती गोठ्यातून निघून गेली. बऱ्याच दिवसांनी परत आली ती डोकं फुटलेलं घेऊन. कुठे गेलती, कुणी मारलं, काही बोलली नाही. जखमेत किडे पडले आणि त्यातच गेली. त्याने मला चहा विचारला नाही. बरं केलं. माझी गाडी चुकली असती.

हे सगळं मी अमावस्येला देव घासता घासता सासूला सांगितलं. सून ऐकतेय हे मला माहीत होतं. सासूला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"एवढ्यासाटी धारूरला गेलतीस व्हय? मला इचारायचंस की. ती आलती ना इथं."

"इथं?"

"माज्या सासूनं सांगितलं मला. सासूला नांदाया येऊन सा-सात वर्सं झालती. भाकरी थापत बसलेली. दारात बाई हुबी. पाय फुटलेले, केसाच्या जटा. म्हणली, भाकर दे गं. सासूनं दिली. खाता खाता तिची नजर सासूच्या गळ्यात गेली. म्हणली, गळ्यात काय हाय? सासू म्हणली, सवत हाय माजी. म्हणली, कवा मेली? अन् मग सासूच्या ध्यानात आलं. त्या बाईनं चुलीकडं बघून इचारलं, माजा पाटा कुठं ठिवला?"

मी घासायची थांबले.

"मग?"

"मग काय? सासू बाहीर पळाली अन् भूत भूत म्हून आरडली. सगळं गाव गोळा झालं. सगळ्यांला ठावं की ती मेलेली हाय, गळ्यात टाक हाय की. धोंडे घालून हाकलली शिवंपर्यंत. नवरा बी व्हता त्यात."

"आजेसासूला कळलं होतं ती जिती आहे ते?"

"न कळाया काय झालं? भूत भाकर मागतं व्हय?" सासूने माझ्याकडे असं पाहिलं की मीच मूर्ख. "लई हुशार माजी सासू. एका आरोळीत संसार राखला. न्हाईतर सवतीच्या हाताखाली दळण दळत बसली असती. पर नेम चुकली न्हाई हां. मरस्तोवर पैलं कुंकू टाकाला लावलं."

तेवढ्यात मुलगा आत आला. जीपवाला सकाळी येतो म्हणाल्याचं त्याने सांगितलं. बायकोच्या कपड्यांची पिशवी त्याने स्वतःच भरून दारामागे ठेवली होती. तिने मागितलंही नव्हतं. जाता जाता त्याने परातीत डोकावून पाहिलं.

"झाली का सवत चकचकीत?" तो म्हणाला. "माजी येडी सजवून धाडू."

सून भिंतीकडे बघत होती. बाळाच्या ओठावर माशी बसली होती. ती तिने उडवली. बाकी काही हलली नाही.

कडीचा टाक मी बाकीच्यांसारखाच पुसून ठेवला. आता मला एवढं पक्कं माहीत झालं होतं की त्यावरची बाई कोणाला लागायला आली नव्हती. भाकर खायला आली होती.

सोमवारी सकाळी जीप दारात लागली. पाऊस भुरभुरत होता. शेजारच्या दोघी पाहायला म्हणून ओट्यावर येऊन थांबल्या. सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक सुनेच्या गळ्यात बांधला होता. सुनेने मान पुढे केली होती म्हणे. मुलगा बाळाला घेऊन आत निघाला होता. मी बाळ त्याच्या हातातून घेतलं आणि जीपमध्ये बसवलेल्या सुनेच्या मांडीवर ठेवलं. मग तिच्या गळ्यातला दोरा सोडला आणि सगळ्यांच्या देखत मुलाच्या गळ्यात बांधला.

"सवत दुसरीनं घालायची असती," मी म्हटलं. "दुसरी येईस्तोवर तू घाल."

शेजारणींतली एक खुदकन हसली. मुलगा लाल झाला. दोऱ्याला त्याने हात घातला, पण टाक तोडला तर विटाळ होईल म्हणून सासू ओरडली. त्याने हात खाली घेतला.

"पुढं बस," मी त्याला म्हटलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "माजलगाव न्हाई. बीड. सरकारी दवाखाना. डोक्याचे डॉक्टर आज बसतेत."

"अन् घट?" सासू ओट्यावरून ओरडली. "घट कोण बसविल?"

"तुमी बसवा आत्याबाई. देव घासून ठेवलेत."

मी सुनेशेजारी बसले. गेवराई मागे पडली. मुलगा समोर मान वाकडी करून बसला होता. दोरा त्याने शर्टाच्या आत घातला होता. माझं या मुलीवर फार प्रेम आहे असं नाही. तिने माझं कितीतरी दूध उतू घालवलं आहे. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आत्या, मला सोडायला चाललाव का?" कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा झाला होता.

"न्हाई," मी म्हटलं. "पोराचं डोकं धर नीट."

तिने धरलं. दवाखान्यात रांग दारापर्यंत आली होती. मी तिला बाकावर बसवलं आणि केस पेपर काढायला मुलाला उभं केलं.