पानी लय हाय

माझा दादा शनिवार-रविवारी आमच्या गावच्या धबधब्यापाशी कणसं भाजायचा. इतर दिवशी मिळेल ते काम करायचा. कुणाची भातलावणी, कुणाच्या बंगल्याची बाग, मळवलीला घराचं बांधकाम निघालं तर विटा वाहणं. पावसाळा आला की त्याची आणि वहिनीची टपरी मांडली जायची. चार बांबूंवर ताडपत्री, एक बाकडं आणि शेगडी. कणसं दादाकडे, चहा आणि भजी वहिनीकडे. मी लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी मीही कधीकधी तिथे कांदे चिरायला बसायचे.

तो गेला त्या रविवारी मी घरी होते. त्यामुळे काय झालं ते मला दोन ठिकाणांहून कळलं. एक वहिनीकडून, आणि एक सगळ्या जगाला कळलं तिथून, मोबाईलवरून.

वर डोंगरात जोराचा पाऊस झाला होता. खाली खडकांवर पुण्याकडची काही कुटुंबं फोटो काढत उभी होती. पाणी तांबडं व्हायला लागलं, म्हणजे वरून लोंढा येणार, हे दादानं पाहिलं आणि कणसं तशीच शेगडीवर टाकून तो खाली धावला. डोक्यावर निळ्या प्लॅस्टिकची खोळ होती. मधल्या खडकावर चढून त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडायला लागला, "मागं व्हा! आरं मागं व्हा! पानी लय हाय!" लोक मागे सरले. एक शाळकरी मुलगी घसरली, तिला त्यानं दंडाला धरून तिच्या बापाकडे ढकललं. मग मागे राहिलेल्यांना पुन्हा एकदा हात वर करून ओरडला, स्वतः वळला आणि त्याचा पाय गेला.

कुणीतरी काठावरून शूटिंग करत होतं. त्यात मुलगी दिसत नाही, ती त्याच्या आधीच चौकटीबाहेर गेलेली आहे. दिसतो तो फक्त निळी खोळ घातलेला एक बुटका माणूस. हात वर करून ओरडतो आणि एकदम नाहीसा होतो.

दुसऱ्या दिवशी तो खाली नदीच्या वळणावर सापडला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी भावकी आली. भंतेजींनी वंदना घेतली. मागच्या रांगेत एक अनोळखी माणूस बसला होता, शर्ट-पँट चांगली, डोळे सुजलेले. तो त्या मुलीचा बाप होता. कार्यक्रम संपल्यावर तो आईच्या पायाशी वाकला आणि उठेचना. आईनंच त्याला उठवलं. "पोरगी बरी हाय न्हवं?" एवढंच तिनं विचारलं.

मला वाटलं होतं, आता जे काही दुःख आहे ते आमच्या घरापुरतं.

महिना-दीड महिना गेला असेल. मी पुन्हा ऑफिसात रुजू झाले होते. दुपारी आम्ही बायका डबा खात होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी मोबाईल बघता बघता फिसकन हसून तो टेबलावर ठेवला. मला आधी आवाज ऐकू आला. "मागं व्हा! आरं मागं व्हा! पानी लय हाय!" आवाज दादाचा, पण मागे ढोलकी वाजत होती. मग पाण्याचा धबाक, आणि पुष्कळ माणसं खिदळल्याचा आवाज. वर अक्षरं होती, 'मित्र लग्नाला तयार झाला तेव्हा मी.'

त्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "काय गं, ठसका लागला का?"

मी म्हटलं, "हा माझा भाऊ आहे."

त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. त्यानंतर कोणी जेवलं नाही. त्या बाई मनानं वाईट नाहीत, त्या दिवशी त्या मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. पण त्यांना तो व्हिडिओ त्यांच्या बहिणीनं पाठवला होता, बहिणीला आणखी कोणी, आणि अशी ती साखळी कुठवर गेली होती ते मी गाडीत बसल्यावर शोधायला लागले.

शोधायला फार लागलंच नाही. सोमवार सकाळ म्हणून दादा. परीक्षेचा निकाल म्हणून दादा. आपली टीम हरायला लागली की दादा. हात वर केलेल्या त्याच्या चित्राचं स्टिकर निघालं होतं. एकानं खाली लिहिलं होतं, 'काका कायमचे ऑफलाइन.' सगळ्यात जास्त पसंती मिळालेली प्रतिक्रिया अशी होती : 'वाईट वाटतंय पण हसू आवरत नाही.' आणि त्याचं ते 'पानी', त्याचं 'लय', त्याचं 'हाय', ते तर लोक मुद्दाम ओढून ओढून म्हणत होते. आम्ही घरात जसं बोलतो तसंच तो मरताना बोलला होता. त्यांना त्याचंच हसू येत होतं.

एका मोठ्या पेजवरून हे सुरू झालं असावं असं वाटलं. मी त्यांना मेसेज केला. हा माणूस खरोखर गेलाय, घरी त्याची आई आहे, बायको आहे, कृपा करून हे काढा. उत्तर आलं. अगदी सभ्य भाषेत. 'ताई, वाईट वाटलं. पण आमचं पेज डार्क ह्युमरचं आहे. यात त्यांचा अपमान नाही, उलट ते घराघरांत पोचले. पर्सनली घेऊ नका.' दुसऱ्या दिवशी माझा मेसेजच त्यांच्या पेजवर होता, माझं नाव पुसून. वर लिहिलं होतं, 'बहिणीची एन्ट्री.'

पोलिसांत गेले. तिथल्या हवालदारांनी मला बसवलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज पुढे पाठवला. ते पेजवरचं निघालं खरं. पण हवालदार आधीच म्हणाले होते, "ताई, एक काढलं की दहा निघतात. तुम्ही बघत बसू नका, आजारी पडाल."

मी बघायचं बंद केलं. पण ते घरात यायचं थांबलं नाही. घरासमोरून गुंफांकडे जायचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर तो वाजला आणि आई ओट्यावरून उठून अंगणात आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिनं माझा हात धरला.

"त्यो बोलला. आत्ता बोलला. कुटं हाय?"

मी तिला खरं सांगितलं, मोबाईलवर आहे म्हणून. मला वाटलं, ती रडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "मग लाव की."

दादाचा दुसरा कुठलाच आवाज आमच्याकडे नव्हता. फोटो होते, आवाज नव्हता. त्याला कधी रेकॉर्ड करावं असं कुणाला सुचणार होतं? मी लावलं. आईनं मोबाईल कानाला लावून ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हसतंय कोन गं?"

मी मोबाईल बंद केला.

"त्यो बुडत हुता तवा तितं कोन हसत हुतं?"

"तितं न्हाई हसलं कुनी, आई. ते मागनं घातलंय."

"मागनं म्हंजी?"

"त्यो गेल्यावर. लोकांनी घातलंय."

आईला हे काही केल्या समजेना. गेलेल्या माणसावर हसणं तिला ठाऊक नव्हतं असं नाही, गावात मयतीनंतर कुणाच्या खोड्या निघतात, लोक हसतातही. पण ते त्याला ओळखणारे असतात. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ते कशाला हसतील, हे तिला कोडं होतं. शेवटी ती म्हणाली, "तेवढं हसू काढ आन् मला दे."

मूळ व्हिडिओ शोधूनही सापडला नाही, तो कधीच कुणीतरी काढून टाकला होता. सापडले ते सगळे ढोलकीचे आणि हसण्याचे. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना मी विचारलं. त्यांनी दोन दिवस खटपट करून ढोलकी काढली, हसणंही बरंचसं काढलं. शेवटच्या 'हाय'वर मात्र ते इतकं चढलेलं होतं की निघालं नाही. आई तेच ऐकते. 'पानी लय' झालं की मोबाईल कानापासून दूर धरते.

पुढच्या पावसाळ्यात वहिनीनं टपरी पुन्हा मांडली. मी म्हटलं, "वहिनी, तितंच कशाला? दुसरीकडं बघू." ती म्हणाली, "दुसरीकडं कोन जागा देतंय?" मग मी दर रविवारी तिच्याबरोबर जायला लागले.

असाच एक रविवार. एकसारखे रेनकोट घातलेली पाच-सहा पोरं-पोरी आली, कुठल्यातरी कंपनीतली असावीत. चहा घेतला, काकू काकू करत वहिनीशी गोड बोलली. मग खाली उतरली. त्यातल्या एकानं डोक्यावर निळी पिशवी घेतली, मधल्या खडकावर चढला आणि दोन्ही हात वर केले. "मागं व्हा! पानी लय हाय!" बाकीचे शूटिंग घेत होते. एकदा मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा. वहिनीनं त्यांच्याकडे पाठ केली आणि भजी सोडत राहिली.

मी पाण्याकडे बघत होते. ते तांबूस दिसलं. मी वहिनीला हात लावला. तिनं वळून पाहिलं, झारा टाकला आणि टपरीबाहेर येऊन ओरडली, "मागं व्हा! ए पोरांनो, मागं व्हा!"

सगळे आनंदानं किंचाळले. "अरे, काकूपण करतायत! काकू, पुन्हा एकदा, पूर्ण डायलॉग!" सगळे मोबाईल तिच्याकडे वळले.

"आरं भाईर या! खरंच पानी येतंय!"

ते आणखीच हसले. तिच्या तोंडी दुसरे शब्द असते तर कदाचित ते हलले असते, पण घाईत दुसरे शब्द सुचणार कुठून? पाणी वाढलं की आमच्याकडे असंच ओरडतात.

वहिनी धावत खाली उतरली, तिच्या मागे मी. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि खडकावरच्या पोराचा रेनकोट धरून ओढायला लागली. तो म्हणाला, "अहो, हात काय लावताय?" तिनं त्याच्या कानाखाली लावली. सगळ्या दरीत ऐकू जाईल अशी. तेव्हा कुठे त्यांचं हसणं थांबलं आणि ते काठावर आले. शेवटची मुलगी मी ओढून घेतली. पाणी आलं. मधला खडक दिसेनासा झाला.

ज्याला मारलं होतं तो पाण्याकडेच बघत होता. म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं तुम्ही..." आणि थांबला.

मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "तुम्ही ज्याची नक्कल करत होतात ना, तो यांचा नवरा होता. इथेच गेला."

एकानं मोबाईल खिशात घातला. वहिनी वर गेली. कढईतली भजी जळून काळी झाली होती, ती तिनं उपसून फेकली. मी मागोमाग गेले तशी ती माझ्यावरच चिडली.

"कशाला सांगितलं तुमी त्यास्नी?"

"त्यांना कळायला नको?"

"आता मला बघाय येतील."

तिचं खरं झालं. त्या पोरांपैकी कुणी टाकलं की काठावरच्या आणखी कुणी, ते कळलं नाही. पण ती थप्पड आठवड्याभरात सगळीकडे होती. 'पानी लय हाय, भाग दोन.' पुढच्या रविवारपासून लोक टपरीपाशी घुटमळायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे. एका जोडप्यानं तिच्याबरोबर फोटो मागितला. ती म्हणाली, "भजी घ्यायची असली तर घ्या." त्यांनी घेतली, आणि खाता खाता तिचा फोटो काढलाच.

तिनं टपरी हलवली नाही. मात्र मला लोणावळ्याच्या बाजारातून एक शिट्टी आणायला सांगितली, शाळेत खेळाच्या सरांकडे असते तसली, दोरीची. आता ती गळ्यात असते. पाणी वाढलं की वहिनी टपरीच्या तोंडाशी येते आणि जोरात शिट्टी मारते, तोंडानं काही म्हणत नाही. लोक दचकतात, पोलीस आले म्हणून इकडेतिकडे बघत पाण्यातून बाहेर पडतात. ते काठावर पोचेपर्यंत ती उभी असते, मग कढईकडे वळते.