उपरण्याखालचा भाव

नापास होण्याची परीक्षा कोणी घेतली असती, तर आमचे आतेभाऊ तिच्यात पहिल्या वर्गात पहिले आले असते, ह्याबद्दल आत्याच्या रिठद गावापासून वाशीमपर्यंत कोणाचंही दुमत नव्हतं. मॅट्रिकला ते एकदा राहिले, इंटरला दोनदा राहिले, बी.ए.ला पुन्हा एकदा राहिले, आणि शेवटी पास झाले ते तिसऱ्या वर्गात, अगदी काठाकाठानं. त्या निकालाचा कागद आत्यानं देवापुढं ठेवला, तर आतोबा म्हणाले, "हळू ठेव. धक्का लागला तर पुन्हा खाली येईन तो."

आता कोणी म्हणेल, माणूस मठ्ठ असेल. तसंही नव्हतं, हीच तर पंचाईत. त्यांच्या डोक्यात एक 'काहून', म्हणजे तुमचं 'का', बसलेला होता आणि तो जागचा हलत नसे. परीक्षेत पाच प्रश्न असले तर हे पहिल्याच प्रश्नाला विचारत बसत, की बाबा, तू हे काहून विचारून राह्यला? एकदा पेपरात आलं होतं, पीक चांगलं आलं की भाव का उतरतो ते लिहा. ह्यांनी तीन तास लिहिलं, की आमच्याकडे पीक बुडालं त्या सालीही भाव उतरला होता, तेव्हा परीक्षकसाहेबांनी हे विधान कोणत्या बाजारात पाहिलं ते कृपया कळवावं. परीक्षकसाहेबांनी काय कळवलं ते निकालात दिसलंच.

बाजाराला तर ह्यांना पाठवूच नये. आत्या मेथी आणायला सांगायची. हे दुपारी उन्हाचे परत यायचे, पिशवी रिकामी, आणि सांगायचे की मेथीवाल्या दोघी बहिणी असूनही एकीची जुडी महाग काहून आहे हे आता पक्कं समजलं. आत्या म्हणायची, "समजलं ते शिजवून खा." वाशीमच्या न्हाव्यानं तर ह्यांच्यापुढं हात टेकले होते. बाजाराच्या दिवशी दाढीला दुप्पट दर काहून, असं ह्यांनी ऐन दाढीच्या मध्यात विचारलं. न्हावीही मोठा अभिमानी माणूस, तो वस्तरा हवेत धरून सांगू लागला. हे उलट विचारू लागले. मागची गिऱ्हाइकं ओरडायला लागली तसा न्हावी चिडून म्हणाला, "एवढ्या पैशात एवढंच उत्तर होते, उठा आता." आमचे आतेभाऊ अर्ध्या दाढीनं सरळ माझ्याकडे कोर्टात आले. मी तिथं नकलनवीस होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्याचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवायचे. माझे साहेब समोर बसलेले, आणि हे अर्धा गाल चोळत मला म्हणतात, "बाप्पा, त्याचं उत्तर चुकीचं हाये, पन लय इमानदार हाये."

अशा माणसानं नागपूरला जाऊन अर्थशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं. ऐकून आतोबा तडक पाराकडे निघाले. तीस एकराचे धनी, शब्दाचे पक्के. मग त्यांनी पारावर चार माणसांदेखत सांगून टाकलं, "हा शेवटचा अर्ज. घेतलं त्यायनं तर जा. नाई घेतलं तर मृगाच्या आधी वखर धर, अन् मंग 'काहून' हा शब्द माह्या घरात निंघाले नाई पाह्यजे." चार माणसांत शब्द गेला म्हणजे गेलाच. त्या दिवशी आतेभाऊ माझ्याकडे आले तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. म्हणाले, "वखराचं मले भेव नाई. पन भाव काहून चढते-उतरते हे न समजता मरून जाईन, याचं भेव वाटते." मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

अर्जासोबत उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांची शिफारसपत्रं मागितली होती. आतेभाऊ आधी आपल्या जुन्या प्रोफेसरांकडे गेले. ते म्हणाले, "मी तुम्हाला जवळून ओळखतो, म्हणूनच लिहीत नाही." मग ह्यांनी काय करावं? वाशीमच्या बैलबाजारातल्या म्हाताऱ्या दलालाला आणि आमच्या कापडवाल्या जैन शेटजींना घेऊन हे माझ्या दारात उभे राहिले. मी म्हणालो, "भाऊ, तिथं मोठमोठ्या साहेबांच्या सह्या लागतात. बैलाच्या दलालाचा अंगठा नाही चालत."

"फॉर्मात प्रतिष्ठित लिवलं हाये," आतेभाऊ म्हणाले. "यायच्या शब्दावर शंभर जोड्या इकडच्या तिकडं होतात. तुह्या साहेबाच्या शब्दावर एक गोऱ्हा तरी हालते काय?"

मी दौत काढली. त्या म्हाताऱ्याची आणि ह्यांची दोस्ती फार जुनी. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपलं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकतो आणि खालून बोटं धरतो. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पेर दाबलं तर अर्धा. वर बघणाऱ्याला नुसतं कापड दिसतं. आतेभाऊ शाळा बुडवून ह्या उपरण्याशेजारी बसलेले, आणि पुढं म्हाताऱ्यानं त्यांना ती बोटं शिकवलीही होती. म्हाताऱ्यानं भिंतीला टेकून सांगितलं, "लिवा. या मानसाले बैलाचे दात पाहता येत नाईत. पन बैल विकनाऱ्याच्या मनात काय हाये हे याले मले आधी समजते." शेटजींनी आपल्या शुद्ध बोलीत सांगितलं, "हे गृहस्थ बारा वर्षं दुकानी येतात. दोन धोतरं घेतली. बाकी प्रश्न. पण दिवाळीत मी भाव का चढवतो हे त्यांनी विचारल्यावर मला कळलं. तोवर मी नुसताच चढवत होतो." मी ते सगळं इंग्रजीत उतरवलं, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, शेटजींची सही घेतली आणि हाताच्या सवयीनं दोन्ही कागदांखाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असं लिहून मोकळा झालो. कागद मुळातच अस्सल होते, हे पाकीट टपालात पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. आतेभाऊ म्हणाले, "बरं झालं, भरोसा वाढीन."

आणि खरंच बोलावणं आलं. वाशीमहून सर्व्हिस मोटारीनं अकोला आणि तिथून रेल्वेनं नागपूर, असे आम्ही दोघं गेलो. मी रजा टाकून गेलो, कारण ह्यांना एकटं सोडलं असतं तर अकोल्याच्या फलाटावर केळीवाल्यापाशीच त्यांचं एम.ए. झालं असतं. कॉलेजात मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार सताड उघडं होतं. आत टेबलावर आपली छत्री आडवी ठेवून बसलेले पुण्याकडचे एक किडकिडीत प्राध्यापक आणि शेजारी हेडक्लार्क. हेडक्लार्कनं आतेभाऊंचे मार्क मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि ते संपेचनात. बाकावरचे इतर उमेदवार माझ्याकडे पाहायला लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागलो.

"हे झालं," प्राध्यापक म्हणाले. "पण तुमच्या शिफारसपत्रांसाठी मी तुम्हाला बोलावलंय. सांगा पाहू, बाजारात भाव कसा ठरतो?"

आतेभाऊंनी पाठ केलेलं इंग्रजी काढलं. दोन वाक्यं झाली, तिसऱ्यात घोडं अडलं. मला पारावरची चार माणसं दिसायला लागली आणि वखर दिसायला लागला. आणि तेवढ्यात आतेभाऊ अस्सल वऱ्हाडीत म्हणाले, "साहेब, थे जाऊ द्या. तुमी ही छत्री विकून राह्यले असं धरा, अन् मले तुमचा हात द्या."

मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा प्राध्यापकांचा हात टेबलावर होता, त्यावर आतेभाऊंचं उपरणं होतं आणि खाली दोन मांजरं भांडत असावीत तसं ते हलत होतं. हेडक्लार्क अर्धवट उठलेला, बसावं की शिपायाला हाक मारावी हे त्याला ठरवता येत नव्हतं. प्राध्यापक आधी अवघडले, मग त्यांची मान वाकडी झाली, मग त्यांनी खालून काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण आतेभाऊ म्हणाले, "नाई साहेब, मूठ जुनी हाये तिची, पहा थोडं." शेवटी उपरणं थांबलं.

"हे उघड का नाही करत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"उघड केलं तर एका बैलाच्या भावानं पुढच्या दहा बैलांचा भाव बांधल्या जाते. झाकला म्हनून हरेक बैल आपल्या गुनावर विकते," आतेभाऊ म्हणाले. "पन साहेब, थो झाकलेला भाव बैल विकनाऱ्या कास्तकाराले एकदाच समजते, अन् दलालाले रोज समजते. म्हनून कास्तकार नेहमी अडानी राह्यते. थो उघडा बी नाई अन् झाकलेला बी नाई, असा बाजार कसा भरवाचा, हे मले कोनी सांगून नाई राह्यलं. थेच शिकाले आलो."

प्राध्यापकांनी आपली बोटं उघडून पाहिली. "तुम्ही माझी चार बोटं धरलीत. चार म्हणजे चार, चाळीस की चारशे, हे कसं कळायचं?"

"समोरचा बैल पाहून समजते साहेब. थे नाई समजलं तर बाजारात येऊच नये."

प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी तो मार्कांचा कागद घडी करून छत्रीखाली ठेवला आणि हेडक्लार्कला म्हणाले, "ह्यांचं नाव घाला. पहिल्या वर्षी नापास झाले तर काढू." मग आतेभाऊंकडे वळून म्हणाले, "वीस वर्षं मी भाव शिकवतोय. हाताला आज लागला."

बाहेर आल्यावर मी ह्यांना मिठीच मारली. भर व्हरांड्यात, सगळ्या उमेदवारांसमोर, मी, कोर्टाचा नकलनवीस. आणि हे म्हणतात, "बाप्पा, छत्री मी लय सस्त्यात घेतली असती. साहेबाले अजून बोटं जमत नाईत."

रिठदला बातमी पोहोचली तेव्हा आतोबांनी आधी मला दोनदा विचारलं, मग आत गेले आणि पोळा नसताना बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायला बसले. पारावरच्या त्याच चार माणसांना त्यांनी स्वतःच्या हातानं गूळ वाटला आणि वखर गोठ्याच्या मागं नेऊन ठेवला. न्हाव्यानं उरलेली अर्धी दाढी फुकट करून दिली, बाजाराच्या दिवशी. आत्या फक्त एवढंच म्हणाली, "आता मेथी मीच आनीन." पहिल्या वर्षी आतेभाऊ पास झाले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या वर्गात पास झाले. आमच्या सगळ्या खानदानात दुसरा वर्ग आला तो तोच, आणि मी त्या निकालाच्या सात नकला स्वतःच्या हातानं काढून सात गावच्या सोयऱ्यांना पाठवल्या.

पुढं ते दूर कुठं कुठं शिकवायला गेले. मुलं म्हणे त्यांना भारी घाबरत, कारण ते उत्तर चुकलं तर रागवत नसत, काहून ते विचारत. पाच-सात वर्षांनी एकदा वाशीमला आले. म्हातारा दलाल त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. आम्ही बैलबाजारात त्याच्या जागी जाऊन बसलो. आतेभाऊंचे केस पिकायला लागले होते. खांद्यावरचं उपरणं सारखं करत म्हणाले, "नागपूरले निंघालो तवा म्हाताऱ्याच्या पाया पडलो. त्यानं उपरनं टाकलं अन् माही पाचही बोटं धरली. सोडेच ना. पाच म्हनजे पाच, का पन्नास, का पाचशे, थे मले आजपावतर समजलं नाई."

"मग विचारलं का नाही?" मी म्हणालो. "तुम्ही आणि विचारलं नाही?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझी पाचही बोटं धरली. समोर एक जोडी विकली गेली, दुसरी आली. आम्ही तसेच बसून राहिलो. मीही काहून म्हणून विचारलं नाही.