मलकापूरहून आलेली शिशी

आमच्या डिपार्टमेंटचे जुने लोक चहाला जमले की किस्से निघतातच. एक संपायच्या आत दुसरा तयार असतो. पण थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, "अन् ते शिशीचं सांगा ना." मग बाकीचे किस्से राहतात बाजूला.

चिखलीकडचं साधं कॉलेज, त्यातला झूऑलॉजी विभाग. प्रमुख वानखडे सर, रिटायरमेंटला एक वर्ष उरलेलं. लॅब अटेंडंट तुळशीरामभाऊ, सरांच्याच वयाचे, घरी तीन एकर कपाशी. आणि मी, नवाकोरा डेमॉन्स्ट्रेटर. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून एक शिशी पाठवली. आत नसा, म्हणजे मज्जातंतू, वाढवणारं माणसाचं प्रोटीन, पण जंतूंकडून तयार करून घेतलेलं. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या नसेला त्याने धागे फुटतात हे आपल्या लॅबमध्ये दाखवायचं, एवढीच सरांची इच्छा. विद्यापीठातल्या एका साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "तालुक्याच्या कॉलेजात हे होत नसतं." शिशी एकच होती आणि एका प्रयोगापुरतीच होती.

*

सरांच्या निरीक्षण-वहीचे नियम कडक. वही इंग्रजीतच लिहायची, दिसलं तेवढंच लिहायचं, आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव खाली टाकायचं. एकदा मी दुसऱ्याने पाहिलेलं माझ्या नावावर लिहिलं. सरांनी पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "डोळे कोणाचे होते?" मी दोन दिवस त्यांच्यासमोर गेलो नाही.

*

शिशीचा खोका रेल्वेने आला, तो घ्यायला आम्ही तिघे गेलो. मलकापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्कने कागद वाचला आणि खोका मागे ओढला. "मानवी म्हणजे माणसाचं? पोलिसाले विचारा लागन."

सरांनी जीन, बॅक्टेरिया असं पंधरा मिनिटं समजावलं. क्लार्क आणखीच घाबरला. शेवटी तुळशीरामभाऊ पुढे झाले.

"साहेब, बियाणं माणसाचं, पण वावर जंतूचं. पीक त्या वावरात आलं. कोणाले कापलं नाई, मारलं नाई."

क्लार्कने सही घेऊन खोका दिला. बाहेर येऊन सर म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय. मला हे सुचलं नाही."

*

खोक्यात बर्फ आणि बाहेर ऊन. बुलडाण्याच्या घाटात प्रत्येक वळणाला ऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाई, आणि भाऊ खोका घेऊन या सीटवरून त्या सीटवर. कंडक्टर वैतागला. "काऊन फिरून राह्यले बाबा? जागा पटून नाई राह्यली काय?"

"मले पटते," भाऊ म्हणाले, "ह्याले ऊन पटत नाई."

*

मग आली खंडेनवमी. सकाळी सरांनी फ्रीज उघडला, तर शिशी गायब. सर स्टुलावर बसूनच गेले. मी शोधत आतल्या खोलीत गेलो. पाटावर मायक्रोस्कोप, चिमटे, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज, सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध परातीत बर्फाचा ढीग, त्यात शिशी, झाकणावर कुंकवाचं बोट. माझ्या मागोमाग सरही आले.

"सर, बर्फ बदलून राह्यलो ना," भाऊ म्हणाले. "लॅबमंधी सगळ्यात मोलाची हे, अन् पूजेले हेच नाई, बरं दिसते काय?"

सरांनी शिशी जागेवर ठेवली. मग परत आले आणि देव न मानणाऱ्या त्या माणसाने मायक्रोस्कोपला एक झेंडूचं फूल वाहिलं.

*

प्रयोगाच्या दिवशी मी शिशी उजेडात धरली. आत काहीच दिसेना. "सर, रिकामी आहे," म्हणत मी झाकणाला हात घातला. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"थांबा सर. आधी फिरवा लागते. कागदावर हाये तसं."

भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. शिशीसोबत आलेला सूचनांचा कागद सरांनी एकदाच मराठीत सांगितला होता, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी शिशी सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून शांतपणे दांडा फिरवला आणि झाकणाला चिकटलेली पावडर तळाशी आली, एक पांढरा ठिपका. मी उघडली असती तर सरांची सगळी धडपड माझ्या बोटाला लागून गेली असती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचं होतं. दोन बशा, दोन्हींत नसेचा बारीक गोळा. दोन्हींत पोषक पाणी, प्रोटीन मात्र एकीतच. सर मायक्रोस्कोपपाशी बसले आणि लगेच उठले.

"मला भीती वाटते, तुळशीराम. तू बघ."

भाऊंनी प्रोटीन नसलेल्या बशीला डोळा लावला. "ह्याच्यात गोळा जसाच्या तसा हाये." मग दुसरी बशी सरकवली. स्क्रू मागेपुढे फिरवत राहिले. सर टेबलाची कड धरून उभे.

"काय दिसतं?"

"सर, बोंड फुटलं. चहूकडून कापूस."

सरांनी पाहिलं. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग वही ओढली आणि सावकाश, मराठीत लिहिलं : बोंड फुटलं. चहूकडून कापूस.

खाली लिहिलं : निरीक्षक, श्री. तुळशीराम मारोती इंगळे.