गयाक्काने मागे घेतलेला खोकला

फोन गयाक्काच्याच नंबरवरून आला होता. सकाळचे साडेनऊ झाले असतील. परळीत राहायचं म्हणजे वीज केंद्रातून उडून येणारी राख रोज झाडायची, तशी मी गच्ची झाडत होते. पलीकडून तिच्या मुलाचा, दत्ताचा आवाज आला, "बाई, माय गेली." आणि मी हसले. खरंच हसले, कारण गयाक्का दत्ताचा आवाज हुबेहूब काढायची. आदल्याच महिन्यात दत्ता होऊन तिने मला सांगितलं होतं की माय लिंबावर चढून बसलीय, काही केल्या उतरत नाही, तुम्ही येऊन सांगा. मी रिक्षात बसेपर्यंत तिने खेळवलं होतं मला. म्हणून मी म्हटलं, "अक्का, पुरे झालं. चहाला कधी येतेस ते सांग." पलीकडून रडणं आलं. ते ऐकलं आणि समजलं, कारण गयाक्का सगळ्यांच्या नकला करायची, पण रडणाऱ्या माणसाची नक्कल तिने आयुष्यात केली नाही. सकाळी हौदावर पाणी भरताना तिला चक्कर आली होती. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

याला आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला बसले की अडते, पण नुसत्या दुःखाने नाही. कुठली गोष्ट आधी सांगू आणि कुठली मागून, असं होतं. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत बायकांनी तिला पाहिलं आहे. नऊवारीचा काष्टा, कमरेला खोचलेला पदर, हातात माईक, आणि समोर दोन-तीनशे बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसतायत. पण तिला पहिल्यांदा स्टेजवर आणलं ते मी, आणि तेही चुकून, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मी तेव्हा धर्मापुरीच्या अलीकडच्या एका लहान गावात शाळेवर होते. माता-पालकांचा मेळावा ठेवला होता. पाहुणे पुढारी होते, म्हणजे दोन तास उशीर ठरलेलाच. उन्हात बसलेल्या बायका उठून जायला लागल्या. मी माईकवरून 'पाहुणे निघालेत, पाहुणे वाटेत आहेत' असं सांगून सांगून थकले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक उंच, काळीसावळी बाई उठली, सरळ पुढे आली, पाहुण्यांसाठी मांडलेल्या सोफ्यावर बसली आणि पाहुणा झाली. पाय पसरून बसणं, कानाला फोन, बोलता बोलता नमस्कार घेणं, हार गळ्यात पडायच्या आत काढून शेजाऱ्याकडे देणं... एक शब्द न बोलता. बायकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. खरा पाहुणा आला तेव्हा त्याने तेच सगळं त्याच क्रमाने केलं आणि बायका पुन्हा हसल्या. तो खूश झाला. आपलं स्वागत एवढं आनंदाने होतंय असं त्याला वाटलं.

ती बाई म्हणजे गयाबाई, माझ्या वर्गातल्या दत्ताची आई. नवऱ्याबरोबर चौदा हंगाम ऊस तोडून आलेली. तोडणीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मोजणी माणसांची नाही, कोयत्यांची होते. तिचा सगळ्यात गाजलेला प्रवेश त्यावरच होता. लग्नात भटजींनी विचारलं मुलगी कोण, तर म्हणे अर्धा कोयता. मग ती नवऱ्याला विचारायची, "अवो, अर्धी मी हाय, पण कोणती अर्धी? मूठ का पातं?" नवरा विचारात पडायचा. मूठ म्हणावं तर बायको हातात येते, पण पातं आपण होतो आणि दगडावर आपण आपटतो. असं वीस मिनिटं चालायचं. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या बायका दर साली तोडीला जाणाऱ्या. त्या हसता हसता डोळे पुसायच्या.

आणि मग यायचा मुकादम. ऊसतोडीची टोळी नेणारा, पहाटे कोप्यांच्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांच्या, पुढून फिरत सगळ्यांना उठवणारा. गयाक्का डोक्याला टॉवेल गुंडाळायची, एक खांदा पाडायची आणि छातीच्या तळातून असा खोकला काढायची की पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरायच्या. हुकूम देण्याआधी खोकला. शिवी देण्याआधी खोकला. बाळंतीण बाई कोपीत पडलीय म्हटलं की लांबलचक खोकला, आणि मग, "अर्धा कोयता चालत न्हाई. पुरा आण." हे तिने पाहिलेलं होतं, सोसलेलं होतं. म्हणूनच ते विनोदी व्हायचं. मी सूत्रसंचालन करायचे. निवृत्तीनंतर तर आम्ही दोघी एसटीने जिल्हाभर हिंडलो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस ते.

ते घडलं गेवराईकडच्या एका मोठ्या गावात. बाजारतळावर दुपारी चारला बचतगटांचा मेळावा होता. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. मुकादमाचा प्रवेश रंगात आला होता, गयाक्का खोकत होती, बायका लोटपोट, आणि मागच्या बाजूने पांढरा शर्ट घातलेला तिशीतला एक गडी ट्रॉलीवर चढला. मला वाटलं मंडपवाला असेल. त्याने दोन पावलांत गाठून तिच्या तोंडात मारली. आवाज माईकमधून गेला, सगळ्या बाजारतळाला ऐकू गेला. ती खुर्चीवर आदळून खाली पडली.

मी काय केलं ते लिहिते, कारण तिच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दल खोटं लिहून चालणार नाही. मी ओरडून माईक बंद करायला सांगितलं आणि शिडीवरून खाली उतरले.

समोरच्या बायका उठल्या. चपला हातात आल्या. तीनशे बायका त्या ट्रॉलीकडे निघाल्या होत्या आणि त्या गड्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. त्या दिवशी तो वाचला नसता. तेवढ्यात गयाक्का उठली. ओठ फुटला होता. पदराने दाबून धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि मी खाली दिसल्यावर म्हणाली, "बाई, माईक चालू करा." आवाज अगदी साधा. माईक चालू झाला. तिने बायकांना बसायला सांगितलं. याला कुणी हात लावला तर मी आत्ता उतरून घरी जाईन, अशी धमकीही दिली. बायका बसल्या, कुरकुरत, चपला हातातच धरून. मग ती त्या गड्याकडे वळली.

"आता वर आलाच हाईस, तर सांग. माझ्या गोष्टीत खोटं काय हाय?"

तिने माईक त्याच्या तोंडापुढे धरला. स्वतः धरला, त्याच्या हातात दिला नाही. तो घुटमळला. मग म्हणाला, "माझा बाप हाय त्यो." थोडं थांबला. "होता. पावसाळ्यात गेला. खोकून खोकून गेला, आन् तुमी हसताव."

गयाक्काने तीन हंगाम त्याच्या बापाच्या टोळीत काढले होते. तो गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. मी शिडीच्या खालच्या पायरीवर उभी होते, तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून नुसत्या तिच्या पायांकडे बघत होते. ते हलले नाहीत. मग ती बोलली, त्याला नाही, सगळ्यांना:

"खोकला माझा चुकला. आजारावर हसू न्हाई. खोकला मागं घेते. बाकीचं न्हाई घेत."

आणि त्याला म्हणाली, बसून ऐकायचं तर ऐक, नाहीतर जा. तो खाली उतरून गेला. बायकांनी वाट दिली. गयाक्काने जगमधून पाणी घेतलं, चूळ भरली, लाल पाणी ट्रॉलीच्या कडेला थुंकली, टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि जिथे तुटला होता तिथून मुकादमाचा प्रवेश पुढे सुरू केला. खोकल्याशिवाय. पहिली दोन वाक्यं कुणी हसलं नाही. तिसऱ्या वाक्याला मागून एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग काय सांगू... मी बावीस वर्षं तिचे कार्यक्रम पाहिले, असा हशा कधी ऐकला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला म्हटलं, आता घरी जाऊ. पोराचा बाप गेलेला आहे, दुःखात होता, तू त्याचं ऐकूनही घेतलंस, मिटलं ते. तिने मला ठाण्यात चला म्हटलं. मी पुन्हा समजवायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमी लई चांगल्या हाव. पण तुमी खाली उतरला व्हता." एवढंच. पुन्हा आयुष्यात तिने तो विषय काढला नाही. मी तिच्या मागे ठाण्यात गेले आणि तक्रारीवर साक्षीदार म्हणून पहिली सही केली.

पुढचे चार महिने वाईट गेले. गावोगावचे कार्यक्रम रद्द झाले. मुकादम मंडळी तिला लबाड म्हणायला लागली. काही पुढारी जीप घेऊन तिच्या घरी आले. त्यांचं म्हणणं, तिने सगळ्या मुकादमांची माफी मागावी, मुलगा तिची मागेल, फिट्टंफाट. तिने त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की माझी चूक मी तिथंच सांगितली, त्याला जीप लागली नाही. दुसऱ्या बाजूने तिच्याच चाहत्या बायका म्हणत होत्या की त्याला त्याच स्टेजवर नाक घासायला लावा. तिने तेही धुडकावलं. स्टेजवर माणूस हसवायला चढतो, रडवायला नाही, असं तिचं म्हणणं. अखेर कोर्टात त्या मुलाने हात उचलल्याचं कबूल केलं, लिहून दिलं, आणि तिने प्रकरण मिटवलं.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम उमापूरला मिळाला. या वेळी मी खाली उतरायचं नाही, असं स्वतःला बजावत मी माईकशेजारी उभी होते. मुकादमाचा प्रवेश सुरू झाला आणि पहिल्या रांगेत कपाळावर कुंकू नसलेली एक बाई इतकी हसायला लागली की शेजारणींना तिला धरावं लागलं. संपल्यावर ती मागे आली. त्या मुकादमाची बायको, सरूबाई. मारणाऱ्या पोराची आई. मी घाबरले. गयाक्काने हात जोडले, म्हणाली की मालक गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. सरूबाईने तिचे हात धरून खाली केले.

"चाळीस साल ऐकलंय मी तेंला. तुमी बरुबर बोलताव, तसंच बोलायचे. पण पोरगं म्हणलं खोकला करता. खोकला काढून टाकलाव कावून?"

गयाक्काने कारण सांगितलं. सरूबाई जराशी विचारात पडली आणि म्हणाली की तसाही तुमचा खोकला चुकीचा होता म्हणे, पोराने करून दाखवला. आणि त्या मंडपामागे, रिकाम्या खुर्च्यांच्या थप्पीशेजारी तिने आपल्या नवऱ्याचा खोकला करून दाखवला. आधी दोन बारीक, मग घशात अडकलेला एक, आणि शेवटी सुस्कारा. करता करता ती हसत होती आणि हसता हसता तिचे डोळे भरले. गयाक्का लहान मुलीसारखी बघत होती. परतीच्या एसटीत तिने तो मला एकदा करून दाखवला. हुबेहूब. मी म्हटलं, आता तर त्याच्या बायकोनेच दिला, घे की पुन्हा प्रवेशात. ती म्हणाली, "न्हाई बाई. आता तर मुळीच न्हाई."

या सगळ्याची बातमी फिरली आणि बीडच्या एका कॉलेजात नाटकाच्या मुलामुलींशी बोलायला तिला बोलावलं. एका मुलीने विचारलं, स्टेजवर कुणी अंगावर आलं तर कलाकाराने काय करायचं? गयाक्काने डोकं खाजवलं. म्हणाली, आधी बघायचं तो एकटा आहे की टोळी आहे. टोळी असली तर पळायचं, त्यात लाज कसली, जीव राहिला तर उद्या त्यांचीच नक्कल करता येते. एकटा असला तर माईक सोडायचा नाही. आपल्या माणसांना त्याला मारू द्यायचं नाही. आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं, कारण रागाच्या शंभर शब्दांत एखादा खरा असतो. तो खरा निघाला तर तेवढाच कबूल करायचा, भीतीपोटी वर एक दाणा टाकायचा नाही. आणि मग ठाण्यात जायचं. ऐकून घेतलं म्हणून मारलेलं माफ होत नाही. मुलं वहीत लिहून घेत होती. ती म्हणाली, लिहू नका, माझ्याकडे बघा, आणि पुढचा तासभर प्राचार्यांसकट सगळ्यांना हसवलं.

परवा तिच्या घरी गेले होते. दत्ता शेतात होता. दार उघडंच होतं, म्हणून मी हाक न मारता आत गेले. चुलीच्या वरच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा एक आरसा आहे, खिळ्याला तिरपा टांगलेला. गयाक्का भाकरी थापता थापता त्यात तोंडं करून बघायची, सराव व्हायचा तो तिथेच. धुराने तो कडेने काळा झालाय. दिवसकार्य झाल्यावर पाहुण्यांनी तो काढून ठेवा म्हटलं होतं, पण सून रेखाने काढू दिला नाही. रेखा म्हणजे चार माणसांत मान वर न करणारी पोर, लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल. ती पाठमोरी बसली होती, भाकरी तव्यावर होती. तिने हाताला लागलेलं पीठ झटकलं, पदर कमरेला खोचला, आरशात पाहिलं, आणि हळूच एक खांदा पाडला. मान जराशी हलवून पाहिली. जमलं नाही बहुतेक... पुन्हा केलं.

मी आवाज न करता ओट्यावर येऊन बसले. आत भाकरी करपल्याचा वास आला, तरी मी हाक मारली नाही.