कंसातलं नाव

सातबाऱ्यावरचं नाव कधी खोडत नाहीत. ज्याचा हक्क गेला त्याच्या नावाच्या दोन्ही बाजूंना तलाठी कंस करतो आणि खालच्या ओळीवर जातो. नाव जागच्या जागी राहतं, शाईसुद्धा फिकी होत नाही. आमच्या घराने या कंसावर डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यात मी सगळ्यांत पुढे होतो, कारण गरज माझी होती.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. आमचं गाव चाकणपासून चार मैलांवर. पुण्यात राहून मी शेतकीची पदवी घेतली होती आणि पुढे मातीचा अभ्यास करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज केला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना होकार आला. फी माफ. वडिलांनी शाळेत पेढे वाटले. ते गावच्या शाळेत मास्तर होते. पेढे वाटून झाल्यावर आम्ही पत्राचं दुसरं पान वाचलं. राहण्या-जेवण्याचा खर्च तुमच्या घरच्यांना झेपेल याचा सरकारी पुरावा पाठवा, असं त्यात होतं.

वडिलांचा पगार कळवला असता तर त्या लोकांनी उलट आम्हालाच मनिऑर्डर केली असती. राहिली जमीन. विहिरीखालची बागायत चांगली होती, आणि खेडच्या कचेरीतून मामलेदाराच्या सहीचा ऐपतीचा दाखला मिळतो हे कुणीतरी सांगितलं. मातीचं शास्त्र शिकायला निघालेल्या माणसाने आधी घरची माती दाखवायची, यात मला तेव्हा गंमत वाटली होती.

खेडच्या कारकुनाने सातबारा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि 'इतर हक्क' असं लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे एका बाईचं नाव होतं.

"ही कोण?"

"माझी बहीण," वडील म्हणाले.

"जमिनीवर बोजा आहे म्हणजे. दाखला बिनबोजाच्या जमिनीवर मिळतो मास्तर. ही बाई काढा, मग या."

ही बाई म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीतून आणून आमच्या दारात उतरवलं. आजोबा हुशार माणूस. उद्या भावजय कशी निघेल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी जिवंतपणीच मुलीचं अन्नवस्त्र जमिनीवर चढवलं. विहिरीकडचा तुकडा तिने हयातभर कसावा आणि तिच्या खाण्यालेण्याचा भार या जमिनीवर राहावा, अशी नोंद झाली. त्या तुकड्यात ती मिरची लावायची. बाजारच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन चाकणला चालत जायची. तिच्या बोटांत मिरची इतकी मुरली होती की लहानपणी तिने लाडाने गालाला हात लावला की गाल चुरचुरायचा. आम्ही पोरं पळून जायचो. ती हसायची, पण हात मागे घ्यायची.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. पण गावात वर्षातून एकदा चावडीवर तलाठी सगळी वही मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणाच्या नावावर काय आहे, काही चुकलंय का, हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून. पुरुष आत सतरंजीवर बसायचे. बाया कुणी जात नसत. आत्या मात्र जायची. डोक्यावरून पदर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसायची आणि आपलं नाव येईपर्यंत हलायची नाही. नाव आलं की उठून पदर झटकायची. घरी आल्यावर आईला सांगायची, "वाचलं गं माझं नाव. हाय जागच्या जागी." त्या दिवशी ती जेवायला दोन घास जास्त घ्यायची. आम्ही तिची थट्टा करायचो. म्हणायचो, आत्या, नाव पळून जाणारंय का तुझं?

खेडहून घरी येताच वडिलांनी तलाठ्याला गाठलं. तलाठी भला माणूस होता. त्याने मार्ग सांगितला: बाईंनी जबाब द्यायचा, अंगठा द्यायचा, मी फेरफार करतो. दाखला मिळाला की पुन्हा वर्दी द्या, पुन्हा नाव लावू. कागदाचाच तर खेळ आहे.

आत्याला चावडीत आत बोलावलं. ती आत जायची ही पहिलीच वेळ. ती सतरंजीच्या काठावर, अर्धी जमिनीवर अशी बसली. तलाठ्याने जबाब वाचून दाखवला: माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.

"सवखुशीनं म्हंजी?"

"आपल्या मनानं, आक्का," वडील म्हणाले. त्यांची नजर वहीवर होती.

"मग बराबर हाय. पर भाऊसाहेब, माझं नाव खोडनार का तुमी?"

"छे हो. सातबाऱ्यावर खाडाखोड करता येत नाही. नुसता कंस करायचा."

"म्हंजी नाव ऱ्हातं?"

"राहतं की. हे बघा." तलाठ्याने दुसऱ्या कुणाच्या तरी पानावरचं कंसातलं नाव तिला दाखवलं. तिला ते वाचता येत नव्हतं. पण कंसाच्या त्या दोन रेघा तिने बोटाने चाचपल्यासारख्या केल्या. म्हणाली, "कुडानं घेरल्यावानी दिसतंय. करा मग."

मला तिच्या त्या बोलण्याने हायसं वाटलं. खरंच, कुंपणच तर आहे, नाव आत सुखरूप आहे, असं मीही मनाशी म्हटलं. माणसाला हवं ते पटवून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

अंगठा दिल्यावर ती माझ्याकडे वळली. शाई पदराला पुसायची तिला सवय नव्हती, म्हणून अंगठा वर धरून उभी होती. "तू परत आलास की हे कुडान काढशील न्हवं?"

"आल्या आल्या," मी म्हणालो.

दाखला महिन्याभरात मिळाला. आता सगळ्या कागदांचं इंग्रजी करून टाइप करायचं होतं. त्यासाठी मी पिंपरीला कॅम्पात गेलो. फाळणीनंतर तिकडून आलेल्या सिंधी लोकांची वस्ती होती, आणि बराकीच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, दावे, तक्रारी, सगळं टाइप करायचे. मागे सोडून आलेल्या जमिनींचे दावे तर रोजचेच. मी सातबाऱ्याचं भाषांतर त्यांच्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हटलं, हे कंसातलं नाव नाही घेतलं तरी चालेल.

त्यांनी टाइपरायटरवरून हात काढले. "साईं, काग़ज़ पर है तो है. मैं निकालनेवाला कौन?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हमारा नाम भी उधर किसी काग़ज़ में होगा." आणि त्यांनी आत्याचं नाव इंग्रजीत, कंसासकट टाइप केलं. मला त्यांचा राग आला. एवढ्याशा कामाला हा माणूस नसता तोरा दाखवतो, असं वाटलं. आज त्यांच्याविषयी तसं वाटत नाही.

व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत गेलो तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. तिथला अधिकारी तरुण होता, बोलायला अतिशय सभ्य. त्याने दाखला पाहिला, वडिलांचं हमीपत्र पाहिलं, आणि भाषांतरावर त्याची पेन्सिल थांबली. त्याने विचारलं, "हे कंसात नाव आहे, ही बाई कोण? घरातली आहे का? तिचा खर्च तुमच्या वडिलांवर आहे का?"

मला एका क्षणात कळलं की हो म्हटलं तर प्रश्न वाढतील. एक तोंड वाढलं की ऐपत तेवढी कमी. मी म्हणालो, "नाही. जुनी नोंद आहे. आता कोणी नाही."

त्याने मान हलवली आणि पान उलटलं. इतकं सोपं होतं ते. त्या वाक्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण दुसरं एकही मला शब्दन् शब्द आठवत नाही.

निघायच्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडलो. आत्याने माझ्या गालापर्यंत हात आणला आणि सवयीने मागे घेतला. "चुरचुरंल तुला. लांब जायचंय," म्हणाली. मी तिचा हात ओढून गालाला लावायला हवा होता. मोटार हॉर्न वाजवत होती.

पहिल्या वर्षी वडिलांना मी लिहिलं, आत्याचं नाव पुन्हा लावून घ्या. त्यांचं उत्तर आलं: परकीय चलनाची परवानगी दरसाल नव्याने काढावी लागते, दाखला पुन्हा मागितला तर पंचाईत. तुझं शिक्षण होईपर्यंत राहू दे. आक्काही तसंच म्हणते. मी लिहिलं, बरं. त्या 'बरं'मध्ये माझा किती फायदा होता हे मला माहीत होतं.

त्यानंतरच्या पत्रात चार ओळी होत्या. "काल चावडीवाचन झालं. मला शाळा होती. आक्का एकटीच जाऊन आली. नाव वाचलं म्हणाली. खुशीत आहे." ते पत्र मी खिशात ठेवून फिरलो. चला, नाव वाचलं. तलाठी म्हणाला होता तसंच झालं, कंसात असलं तरी ते आहेच. दुसऱ्या वर्षीही तसंच पत्र आलं, जवळजवळ त्याच शब्दांत. तरी काहीतरी टोचत राहायचं. प्रयोगशाळेत आकडेमोड करताना कंस आला की माझा हात थांबायचा. वर्गात हजेरी घेताना प्राध्यापक नावं वाचायचे, माझं नाव यायचं, आणि मी "हजर" म्हटल्यावर उगाचच दाराकडे बघायचो. बाहेर पायरीवर कुणी बसलंय असं वाटायचं. तिथे कधी कुणी नसे.

तिसऱ्या वर्षी, मी यायच्या चार महिने आधी, आत्या गेली. मिरचीच्या तुकड्यात खुरपताना घेरी आली, घरी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. पत्र मला पंधरा दिवसांनी मिळालं. कार्य उरकलं होतं. मी इतका रडलो की घरमालकीण वर येऊन विचारून गेली.

परत आलो तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उठल्या होत्या. आमच्या गावात तेवढा बदल नव्हता. विहिरीकडच्या तुकड्यात गवत माजलं होतं. वडील थकले होते आणि आत्याचा विषय निघाला की उठून आत जायचे. त्याच आठवड्यात चावडीवाचन होतं. मी म्हटलं, मी जातो.

तलाठी नवा होता, वहीही नवी होती. मी आत न जाता बाहेरच्या पायरीवर बसलो. आमचा सर्व्हे नंबर आला, वडिलांचं नाव वाचलं गेलं, आणि तलाठी पुढच्या नंबरावर गेला. वाचन संपलं, माणसं पांगली. मी आत जाऊन विचारलं, इतर हक्कातलं नाव राहिलं का?

"नव्या वहीत नाही. कंसातली नावं उतरवून घेत नाहीत," तो म्हणाला.

"पण मागच्या साली वाचलं होतं."

"कसं वाचतील? कंसातलं कधीच वाचत नाहीत." तो दप्तर बांधून निघून गेला.

म्हातारा कोतवाल सतरंजी गुंडाळत होता. चावडी झाडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो म्हणाला, "तुमी बसलाव त्याच पायरीवर बसायची ती. तुमी गेल्यावर पयल्या साली नाव आलं न्हाई, तरी बसून ऱ्हायली. समदी गेल्यावर भाऊसाहेबांला ईचारलं तिनं. त्येंनी सांगितलं, कंसातलं वाचायचं नसतं बाई. मग मला म्हनली, घरी कुनी ईचारलं तर वाचलं म्हन. पोरगं परमुलखात हाय, त्येच्या जिवाला घोर नगं."

"आणि दुसऱ्या साली?"

"दुसऱ्या साली बी आली की. ठावं हुतं तिला. तरी शेवटापातुर बसली."

मी पायरीवर परत किती वेळ बसलो कोण जाणे. तिकडे वकिलातीत मी तिला 'कोणी नाही' म्हणून आलो होतो, आणि ती इथे बसून माझ्यासाठी खोटं बोलायची तयारी करत होती. माझा गाल चुरचुरत होता, उन्हाने असेल.

घरी आलो तेव्हा वडील ओसरीवर वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता, हातातली काठी नीट करत विचारलं, "आक्काचं नाव आलं का रे?"

"आलं," मी म्हणालो. "वाचलं त्यांनी."

त्यांनी डोळे मिटले आणि खूप दिवसांनी भिंतीला पाठ टेकली.