मामाचं जंगल आणि माझा जुना टीव्ही

यंत्राची समजूत काढून त्याच्याकडून काम करवून घेणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो म्हणजे माझा आलापल्लीचा मामा. मिक्सर सुरू करण्याआधी तो त्याच्या पाठीवर थाप मारतो. फ्रिजला "दमला का बे?" म्हणून विचारतो. बस चढणीला लागली की सीटवरून थोडा उठून बसतो, म्हणजे इंजिनला तेवढंच ओझं कमी. नोकरीभर त्याने वनखात्यात नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर जंगल लावायला घेतलं. एकेक साग, त्याची साल, त्याचं रुंद पान. आत शिरून चालता येईल असं जंगल. ते पेलायला भारी ग्राफिक्स कार्ड लागतं आणि आलापल्लीची वीज लहरी. म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडे चंद्रपूरला, आणि मामा तिकडून जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटने तो चालवतो. माझ्याकडे फक्त धूळ पुसणं, दर शनिवारी.

हे सगळं मामीसाठी. तिच्या माहेरच्या बांधावर मोहाचं झाड होतं. पहाटे त्याखालची जागा झाडून ती फुलं वेचायची. ते झाड वादळात पडलं. आता मामीची दृष्टी मंदावत चालली आहे आणि गेलेली नजर परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. दिसतंय तोवर तिला ते झाड दाखवायचं, एवढीच मामाची घाई. झाड तयार झालं, पण लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर मामीला ते ओळखू येईना. तेव्हा मामा चंद्रपूरला आला आणि माझ्याकडचा मोठा मॉनिटर गोधडीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन गेला. कंडक्टरने विचारलं तर म्हणाला, "झोपून आहे, गाडी हळू घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "बाई, जंगलच गेलं! नुसता काळा पडदा. कार्डच सापडून नाई राह्यलं."

मी इंटरनेट तपासलं, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, माझ्या लॅपटॉपवरून त्यात शिरून कार्डाचं सॉफ्टवेअर नव्याने घातलं. काही फरक नाही. तिकडे मामा यंत्राची समजूत काढतच होता, "अबे उठ ना, तुझी मामी बसून राह्यली."

"त्याले काऊन रागावता?" मागून मामीचा आवाज. "मले घाई नाई."

मग लॅपटॉपच्या पाठीवर हलक्या थापा ऐकू आल्या.

मी वायरी बघायला कॉम्प्युटरच्या मागे वाकले, तर कार्डाला पडद्याची वायर जोडायची जागा रिकामी. पडदा जोडलेला नसला की हे कार्ड समजतं, पाहणारं कोणी नाही, आणि काम सोडतं.

"मामा, जंगल मोठं दिसावं म्हणून तू पडदा नेलास, त्यामुळेच ते गेलं."

"अस्सं! एकट्याले करमलं नसन बिचाऱ्याले," मामा जराही न ओशाळता म्हणाला.

मी हॉलमधला जुना टीव्ही उचलून आणला, कार्डाला जोडला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आधी राखाडी, मग हिरवं, मग साग. मामा फोन ठेवायचं विसरून तिकडून जंगलात चालू लागला होता. तो चालेल तसं जंगल माझ्याही टीव्हीवर पुढे सरकत होतं. नाला ओलांडून बांध आला. बांधावर मोह, आणि फुलं आवाज न करता पडत होती.

"थांबा ना जरासं," मामी म्हणाली. टीव्हीवरचं जंगल जागीच थांबलं. मग, "खालची जागा कोणी झाडली नाई वाटते."

तेव्हापासून रोज दुपारी टीव्हीवर त्या झाडाखालचा पाचोळा एकेक पान करून कमी होतो. तिकडून मामा झाडतो आहे. रिकाम्या खोलीत टीव्ही चालू ठेवणं माझ्या शिस्तीत बसत नाही. म्हणून मी चहा घेऊन समोर बसते. पाहणारं कोणी तरी हवं.