सोयरीक होते का

आपलं आडनाव कुठून आलं ते लिहायचं आहे, कॉलेजचं काम आहे, असं मी आत्याला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. माझ्या वर्गात जव्हारकडचा एक मुलगा आहे. आम्हाला लग्न करायचं आहे. त्याचं कूळ आणि आमचं कूळ भावकीत तर नाही ना, एवढंच मला हवं होतं. भावकी निघाली तर आमच्यात लग्न होत नाही, दोघं बहीण-भाऊ धरले जातात. त्याच्या घरी कुणाला नक्की माहीत नव्हतं. बाबांना विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मला ते जमत नाही.

आत्या मोखाड्याजवळच्या पाड्यात राहते. तिथल्या एका आजोबांना सगळ्यांची कुळं तोंडपाठ आहेत. ती मला त्यांच्या ओट्यावर घेऊन गेली. शेजारच्या बायका तिथेच नाचणी पाखडत होत्या.

मी फोन रेकॉर्डिंगला लावला आणि आमचं आडनाव सांगितलं. आजोबा रंगात आले. तुमची माणसं घाटावरून उतरली, म्हणाले. दोघे भाऊ होते. एक इथे राहिला. दुसरा पुढे गेला, त्याचं आडनाव बदललं. उंबराचं लाकूड तुम्ही चुलीत घालत नाही, ते त्या दोघांपासून.

ते सांगत होते आणि माझा जीव त्या दुसऱ्या भावात अडकला होता. शेवटी मी त्या मुलाचं आडनाव घेतलं. "यांच्याबद्दल काही सांगता येईल का?"

सुपं थांबली.

"आता बोलली बघ!" एक बाई म्हणाली.

"कुठला हाय गं पोर? दाभोशाचा का?"

"नाही हो, मी फक्त अभ्यासासाठी विचारते आहे."

"ऐका! टीव्हीवानी बोलते. अगं, कूळ कोन अभ्यासाला विचारतं? सोयरिकीला विचारतात."

"आनि पोरीकडचे कवापासून विचारत फिरायला लागले? मागणं पोराकडून येतं, बाय. का शहरात उलटं असतं?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. मीही हसून मान हलवली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण आत्या उसळली.

"गप बसा गं! माझ्या भावाची पोर हाय, खोटं बोलनार नाय. तुमच्या पोरींनी कधी पुस्तक उघडलं असतं तर कळलं असतं तुम्हाला."

त्यांच्यातल्या एकीची मुलगी शाळा सोडून वीटभट्टीवर जाते. त्या बाईने कुणाकडे न बघता सूप उचललं आणि ती परत पाखडायला लागली. मी फोनवरचे सेकंद पुढे सरकताना बघत राहिले.

"भावकी नाय," आजोबा म्हणाले. "ते आधीपासनं इथले. तुमच्या मानसाला पहिली जागा त्यांनीच दिली. सोयरीक होते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिव्हून घे."

मला हवं ते मिळालं होतं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी आणखी दोन आडनावं विचारली, मनाला येतील ती. त्यांची उत्तरं मी ऐकलीच नाहीत.

आत्या मला जीपपर्यंत सोडायला आली. नाचणीच्या पिठाची पिशवी तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"कशा बोलतात बघितलंस? पन मी ऐकून घेतलं नाय," ती म्हणाली. "पुस्तकात आपल्या कुळाचं येईल ना?"

"येईल, आत्या."

ती खूश होऊन जीपवाल्याला सांगायला लागली की भाची पुस्तक लिहिते.

जीप सुटल्यावर मला पुढचं दिसायला लागलं. त्याच्या घरचे मागणं घेऊन येतील. आमच्याकडे आधी आत्याला सांगावं लागतं. त्या दिवशी त्या बायका माझ्याकडे बघणार नाहीत, मी नाशिकला असते. त्या आत्याकडे बघतील, आणि नंतर रोज पाणवठ्यावर बघतील. माझ्यासाठी आत्या जिला तोडून बोलली, ती बाई तर नक्कीच.

त्याचा मेसेज आला. "काय म्हणाले?"

दोन शब्दांत सांगता आलं असतं. तो आनंदाने त्याच संध्याकाळी घरी बोलला असता.

"अजून कळलं नाही," मी लिहिलं.